मॉर्फीन कायद्यातून सुटले, पण जिल्ह्याच्या कपाटात आले नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वेदनाशामक औषधांतील नव्या संशोधनाच्या बातम्या अलीकडे मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून बऱ्याच सविस्तर येऊ लागल्या आहेत आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ३० जानेवारी २०२५ रोजी मान्यता दिलेल्या सुझेट्रिजिन या गोळीचे उदाहरण घ्या. जखमेच्या जागेपासून मज्जारज्जूपर्यंत वेदनेचा संदेश नेणाऱ्या तंतूंमध्ये सोडियम आत घेणारी जी सूक्ष्म दारे असतात, त्यांपैकी एका विशिष्ट प्रकारचे दार ही गोळी बंद करते. त्यामुळे संदेश वाटेतच अडतो, आणि औषध मेंदूवर काम करीत नसल्याने अफूजन्य औषधांसारखी त्याची चटक लागण्याची भीती नाही, असे त्यामागचे शास्त्र आहे. मात्र ही मान्यता शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा तत्सम तात्पुरत्या तीव्र वेदनेपुरती आहे, तिकडे ती बाजारात आली तेव्हा एका गोळीची किंमत साडेपंधरा डॉलर होती आणि चाचण्यांमध्ये ती जुन्या ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीच्या गोळीपेक्षा सरस ठरलेली नाही. बातमी वाचताना एवढे भान ठेवलेले बरे.

मला लिहायचे आहे ते दोनशे वर्षे जुन्या, काही रुपयांत मिळू शकणाऱ्या आणि तरीही आमच्या जिल्ह्यात मिळत नसलेल्या मॉर्फीन या अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामक औषधाविषयी. मी शासकीय रुग्णालयांत आधी अधिपरिचारिका आणि नंतर परिसेविका म्हणून काम केले. निवृत्तीनंतर ओळखीच्या काही परिचारिका आणि स्वयंसेवक यांच्यासोबत मी घरी पडून असलेल्या कर्करुग्णांना भेटायला जाते. जखमेचे ड्रेसिंग, तोंडाची निगा, कूस बदलणे, नळीने अन्न भरवणे हे सारे आम्ही घरच्यांना शिकवू शकतो. वेदना मात्र आमच्या हातात नाही, कारण मॉर्फीनच्या गोळ्या तालुक्यात तर नाहीतच, पण जिल्ह्याच्या ठिकाणीही हमखास मिळतील असे सांगता येत नाही. यावर ‘कायदाच तसा आहे’ असे उत्तर सर्रास दिले जाते. ते आता खरे नाही, हे आपल्या वाचकांपर्यंत आणि विशेषतः आपले पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

एके काळी कायदा खरोखरच आडवा येत असे. १९८५ साली एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्याचा रोख तस्करीवर होता. परंतु त्यातील सक्तमजुरीची कलमे इतकी कडक होती की हिशेबात चार गोळ्या कमी भरल्या तर आपण तुरुंगात जाऊ, अशी धास्ती डॉक्टरांनी आणि औषधविक्रेत्यांनी घेतली. त्यातच प्रत्येक राज्याचे नियम निराळे होते. मॉर्फीन ठेवू पाहणाऱ्या रुग्णालयाला चार-पाच परवाने वेगवेगळ्या खात्यांकडून काढावे लागत, आणि ते सर्व एकाच वेळी वैध असतील तरच माल उचलता येई. एक परवाना हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. परिणामी १९८५ ते १९९७ या काळात देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ साली तो अवघ्या १८ किलोवर आला. हा सबंध देशाचा आकडा आहे, एखाद्या राज्याचा नव्हे. विशेष म्हणजे अफूचा चीक कायदेशीररीत्या काढून परदेशी पाठवणारा देश म्हणून जग भारताकडे पाहते. मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच भागात आणि राजस्थानात सरकारी परवान्याने खसखशीची शेती होते, गाझीपूर आणि नीमच येथे सरकारी कारखाने आहेत. खानदेशाच्या सीमेपासून नीमच काही फार लांब नाही.

केरळमधील वेदनाशमनतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षे पाठपुरावा केल्यानंतर संसदेने २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या औषधांना ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वेगळा दर्जा मिळाला आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडून केंद्राकडे गेला. मे २०१५ मध्ये नियमही निघाले. तेव्हापासून पाच खात्यांचे उंबरठे झिजवण्याची गरज उरलेली नाही. वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर ज्या रुग्णालयात आहे, त्या रुग्णालयाने राज्याच्या औषध नियंत्रकाकडे अर्ज करायचा, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून नोंद करून घ्यायची, वर्षाची अंदाजे गरज कळवायची आणि औषधाचा हिशेब ठेवायचा. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. परवाना एकच, खिडकीही एकच. तरीही २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगभरातील वेदनाशमनाचा आढावा घेतला, तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के एवढेच ओपिऑइड औषध रुग्णांपर्यंत पोहोचत असल्याचे दिसून आले.

कायदा बदलला, मग अडते कुठे? प्रत्येक वॉर्डात एक लाकडी किंवा लोखंडी कपाट असते. त्याला आम्ही अजूनही डीडीए कपाट म्हणतो. ज्या १९३० च्या ‘डेंजरस ड्रग्ज ॲक्ट’ या कायद्यावरून हे नाव पडले तो कधीच रद्द झाला, नाव मात्र सुटले नाही. त्याला दोन कुलपे असतात आणि किल्ल्या ड्युटीवरच्या सिस्टरच्या कमरेला. इंजेक्शन दिले की रुग्णाचे नाव, मात्रा, वेळ, डॉक्टरांची सही, सिस्टरची सही आणि साक्षीदाराची सही अशी नोंद होते. रिकामी काचेची कुपी फेकून न देता परत जमा करायची, आणि रात्रपाळीची सिस्टर आली की दोघींनी मिळून भरलेल्या व रिकाम्या कुप्या मोजून ताबा द्यायचा-घ्यायचा. ऐन गर्दीच्या वेळी एक कुपी हातून निसटून फुटली, तर तिचे तुकडे कागदात बांधून मेट्रनसमोर ठेवावे लागत आणि खुलासा लिहावा लागे. ही शिस्त आवश्यक आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या जबाबदारीतून सुटण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कपाट रिकामे ठेवणे, हे वर बसलेल्यांच्याही लवकर लक्षात येते. मागणीच केली नाही तर माल येत नाही, माल नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर तपासणीत आक्षेप नाही. मॉर्फीन दिले नाही म्हणून आजवर कुणाला खुलासा द्यावा लागल्याचे मी पाहिलेले नाही.

याची किंमत कोण मोजतो, ते एका घरापुरते सांगते. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि तपशील गाळले आहेत. तंबाखूमुळे जबड्याचा कर्करोग झालेले एक शेतकरी, वय साठीच्या आतबाहेर. मुंबईत शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झाले, आजार उलटला आणि ‘आता घरी न्या’ असे सांगण्यात आले. सोबत दिलेल्या मॉर्फीनच्या गोळ्या संपल्या तेव्हा मुलाने जवळच्या रुग्णालयात विचारणा केली. तिथे ट्रामाडॉल आणि डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन मिळाले; तास-दोन तास बरे वाटे, पुन्हा ठणका सुरू. आम्ही गेलो तेव्हा ते उशांच्या ढिगाला टेकून बसलेले होते, कारण आडवे झाले की कानामागून सणक जाई. दुखणे किती आहे हे विचारण्यासाठी शून्य ते दहाची पट्टी पुस्तकात असते, पण जुन्या माणसांना मी रुपयात किती आणे दुखते असे विचारते. बोलता येत नव्हते. त्यांनी हाताच्या दहा बोटांनंतर पुन्हा सहा बोटे दाखवली. गोळ्यांसाठी मुलगा रात्रीच्या एसटीने परळला जाऊन आला, तेव्हा कुठे घरात झोप झाली. कर्करुग्णाच्या दोन पट्ट्या गोळ्यांसाठी घरातल्या कर्त्या माणसाने मजुरी बुडवून मुंबई गाठावी, अशी आपली सध्याची व्यवस्था आहे.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. मॉर्फीन म्हणजे शेवटचे इंजेक्शन, ते दिले की माणूस गेला, अशी समजूत केवळ घरच्यांचीच नाही, पुष्कळशा डॉक्टरांचीही असते. वास्तविक कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फीन द्यायचे ते तोंडाने, आणि दुखेल तेव्हा नव्हे तर घड्याळाप्रमाणे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली वेदनाशमनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या तेव्हापासून हेच शिकवले जाते, आणि लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत निगा घेणारे केंद्र) उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स त्याच्याही आधीपासून हे करून दाखवत होत्या. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून लहान मात्रेने सुरुवात करून दर चार तासांनी गोळी द्यायची, रात्री झोपताना दुप्पट द्यायची म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही, आणि वेदना आटोक्यात येईपर्यंत मात्रा बेताबेताने वाढवायची. सुरुवातीचे दोन-चार दिवस मळमळ होते, गुंगी येते, मग ती ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही; त्यामुळे पहिल्या गोळीसोबतच पोट साफ होण्याचे औषध सुरू झाले पाहिजे. हे न केल्यामुळे पोट फुगून रुग्ण हैराण होतो आणि घरचे गोळीच बंद करून टाकतात, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. मूत्रपिंड निकामी होत आले असेल तर मॉर्फीन शरीरात साठते, तिथे मात्रा आणि कधी कधी औषधही बदलावे लागते. हे सगळे शिकण्यासारखे आहे. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत.

सगळ्या वेदना मॉर्फीनने जात नाहीत, हेही तितकेच खरे. ठणका आणि कळ यांवर त्याचा चांगला परिणाम होतो. पण रुग्ण आग होते, मुंग्या येतात, चटका बसतो, पांघरूण लागले तरी सहन होत नाही असे सांगू लागला की मज्जातंतूच दुखावला गेल्याची शंका घ्यायची; तिथे ॲमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांसारखी औषधे लागतात. नागीण बरी झाल्यावर वर्षानुवर्षे राहणारी आग याच जातीची. हाडात पसरलेल्या कर्करोगासाठी किरणोपचाराचा ८ ग्रेचा एकच डोस अनेक दिवसांच्या उपचाराइतकाच वेदना कमी करतो, हे आता प्रस्थापित झाले आहे. काहींना तो पुन्हा द्यावा लागतो, पण लांबून येणाऱ्या गरीब रुग्णाचे आठ-दहा हेलपाटे वाचतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात अल्कोहोल टोचून ते बधिर करता येते. त्वचेवर लावायचा फेंटानिलचा पॅच तीन दिवस पुरतो आणि ज्याला गिळताच येत नाही त्याला तो वरदान आहे. मात्र तो महाग आहे. खासगी औषध दुकानांतून पॅचची चौकशी केली तर काही ना काही सोय निघते आणि स्वस्त गोळीला मात्र हात वर केले जातात, हा आमच्या गटाचा अनुभव आहे. स्वस्त गोळीत कुणाला फारसे सुटत नाही, हे त्यामागचे कारण असावे असे माझे मत आहे.

व्यसनाचा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही. अमेरिकेत ओपिऑइड औषधांनी जो अनर्थ घडवला त्याच्या बातम्या आपणही छापल्या आहेत. तिथे १९९६ पासून ऑक्सिकॉन्टिन या गोळीची पाठदुखी-सांधेदुखीसाठीही जोरदार जाहिरात झाली. तिची चटक लागण्याचा धोका कमी असल्याचा दिशाभूल करणारा प्रचार केल्याची कबुली तिच्या उत्पादक कंपनीने २००७ साली न्यायालयात दिली. हा इतिहास पाहता, गुडघेदुखीसाठी किंवा साध्या कंबरदुखीसाठी मॉर्फीन द्या असे मी म्हणणार नाही. तिथे व्यायाम, वजन, फिजिओथेरपी आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे हेच मोठे औषध आहे. (मनाने घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने मूत्रपिंडे बिघडतात, त्याचीही बातमी व्हायला हवी, पण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.) मात्र कर्करुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या गोळ्यांची तुलना त्या अनर्थाशी करणे गैर आहे. केरळमधील कालिकतच्या वेदनाशमन केंद्राने दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना घरी घेण्यासाठी मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या. त्यांत गैरवापराचे किंवा गोळ्या बाहेर वळवल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. ही पाहणी २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली आहे. गोळ्या तिथेही मोजूनच दिल्या जात होत्या.

केरळचे नाव घेतले की ‘तिथली गोष्ट वेगळी’ असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात एका खोलीपुरते सुरू झालेले काम गावोगावच्या स्वयंसेवकांनी उचलले आणि २००८ मध्ये त्या राज्याने वेदनाशमन व परिहार सेवेचे (पॅलिएटिव्ह केअरचे) धोरण जाहीर केले. पण महाराष्ट्रही काही मागे नव्हता. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. पुढे त्याच संस्थेने गोव्यात लोटली येथेही केंद्र काढले. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. या विषयातील एम.डी.चा अभ्यासक्रम टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ पासून चालतो. म्हणजे ज्ञान आहे, माणसे आहेत. ती मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात आहेत, आणि रुग्ण मात्र शिराळ्यात, अक्कलकुव्यात, भामरागडला आहेत.

परिचारिका म्हणून मला आणखी एक उदाहरण मांडावेसे वाटते. युगांडात डॉक्टर कमी, म्हणून त्या देशाने २००४ साली नियम बदलला आणि या विषयाचे खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फीन लिहून देण्याचा अधिकार दिला. तिथे भुकटीपासून बनवलेले मॉर्फीनचे पातळ औषध सरकार रुग्णांना मोफत देते. आपल्याकडे लगेच तसे होईल अशी माझी अपेक्षा नाही. परंतु डॉक्टरने एकदा लिहून दिलेल्या औषधाची घरी जाऊन देखरेख करणे, आणे विचारून वहीत नोंद ठेवणे, पोट साफ होते की नाही ते पाहणे आणि मात्रा वाढवण्याची गरज फोनवरून डॉक्टरांना कळवणे, एवढे तर प्रशिक्षित परिचारिका आजही करू शकते. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यायच्या बारा सेवांत परिहार सेवा कागदोपत्री समाविष्ट आहेच. समुदाय आरोग्य अधिकारी त्या घरापासून दोन-चार किलोमीटरवर बसलेला असतो. त्याच्या हातात रक्तदाबाचे यंत्र असते, वेदनेसाठी पॅरासिटामॉल असते आणि पुढे पाठवायला जागा नसते.

म्हणून शासनाकडे माझी मागणी नव्या योजनेची नाही. प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकाने आपल्या जिल्हा रुग्णालयातील किमान एका डॉक्टरला आणि दोन परिचारिकांना वेदनाशमनाच्या प्रशिक्षणासाठी पाठवावे, रुग्णालयाची मान्यताप्राप्त संस्था म्हणून नोंद करून घ्यावी आणि मॉर्फीनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची मागणी वार्षिक औषध खरेदीत घालावी. उपजिल्हा रुग्णालये त्यानंतर. मुंबईहून घरी पाठवलेल्या रुग्णाच्या कागदांवर ‘गोळ्या संपल्यावर अमुक ठिकाणी मिळतील’ अशी एक ओळ छापलेली असावी. अन्न व औषध प्रशासनाने राज्यातील मान्यताप्राप्त संस्थांची जिल्हावार यादी मराठीतून, दूरध्वनी क्रमांकासह, सामान्य माणसाला सापडेल अशा ठिकाणी लावावी आणि मुदत संपलेली नावे त्यातून काढत राहावे. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत औषधखरेदीवर चर्चा होते, तेव्हा मागील वर्षी किती मॉर्फीन खर्ची पडले हा प्रश्न एखाद्या लोकप्रतिनिधीने विचारला, तरी पुष्कळ हालचाल होईल. ज्या जिल्ह्यात उत्तर शून्य येईल, तिथे कर्करुग्ण नाहीत असे तर कुणी म्हणणार नाही.

आपल्याकडेही एक विनंती आहे. आपल्या प्रत्येक जिल्ह्यात वार्ताहर आहेत. त्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या औषध भांडारात जाऊन दोनच प्रश्न विचारावेत: रुग्णालयाची मान्यताप्राप्त संस्था म्हणून नोंद आहे का, आणि मॉर्फीनच्या गोळ्या आज शिल्लक किती आहेत. मिळालेली उत्तरे जिल्ह्याच्या नावासह आपण छापलीत, तर घरोघरी जाताना ती यादी आम्ही सोबत ठेवू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका
सातारा जिल्हा